देवाची बाग आणि गावची घागर

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउलींनी पाण्याचा एक साधा दृष्टांत दिला आहे. मळ्यातला माळी पाट ज्या अंगाला वळवतो त्या अंगाला पाणी तक्रार न करता जाते; साधकाने तसे व्हावे, असा त्याचा आशय. कीर्तनात हा दृष्टांत आपण पुष्कळदा ऐकला आहे, आणि ऐकताना आपले सगळे लक्ष त्या पाण्याकडे असते. आजच्या पाठात मात्र थोडे माळ्याकडे पाहावयाचे आहे. पाण्याने आपला सगळा भार माळ्यावर टाकला. मग ते रोपाच्या मुळाशी गेले की बांधाबाहेर वाहून गेले, याचा जाब द्यावयाचा कोणी? पाण्याने तर नव्हेच. ज्याच्या हाती फावडे आहे त्याने.

आता देवळाला विहीर असते, बोअर असते, वर टाकी आणि खाली नळ असतो. मठाला, धर्मशाळेला, समाधिस्थानालाही असते. म्हणजे फावडे पंचांच्या, विश्वस्तांच्या आणि पुजाऱ्यांच्या हाती आहे. आणि वारीत उतरलेला प्रत्येक वारकरी तोटी सोडतो तेव्हा घटकाभर त्याच्याही हाती आहे. पाऊस बरा झाला तर कोणी विचारीत नाही. पण दुष्काळात, गावच्या वेशीवर टँकरपुढे बायाबापड्या घागरी मांडून बसलेल्या असताना, देवळाच्या आवारात हिरवळीवर कारंजे उडत असेल, तर ती हिरवळ देवाला आवडेल काय? हा प्रश्न बागेचा वाटतो, पण आहे तो परमार्थाचा.

प्रथम हिशेब करू. हिशेबाला वारकऱ्याने भिऊ नये. तुकोबाराय वाण्याच्या दुकानावर बसलेले होते.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर जागा. आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या उन्हात हिरवळ हिरवीच ठेवावयाची तर दर चौरस मीटरला रोज निदान ५ लिटर पाणी लागते. वारा सुटला तर जास्तच. म्हणजे गुंठ्याला दिवसाकाठी ५०० लिटर झाले. टंचाईत टँकरचे पाणी माणशी २० लिटर धरतात. तेव्हा एक गुंठा हिरवळ रोज पंचवीस माणसांचे पाणी पिते. आता दहा गुंठ्यांची बाग घ्या, आणि उन्हाळ्याचे शंभर दिवस धरा. पाच लाख लिटर होतात. हा आकडा ऐकल्यासारखा वाटतो ना? एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकुळ झाले तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी सोडावी लागली. तिच्या पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून आलेले पाणी बरोबर पाच लाख लिटर होते. देशभर त्या गाडीची वार्ता झाली. आणि पाव एकर हिरवळ एका उन्हाळ्यात तेवढीच गाडी पिऊन टाकते, कोणाला पत्ताही लागत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या बोअरचे पाणी आहे, आम्ही कोणाचे घेत नाही. बोअरला कुंपण असते, पण खालच्या पाण्याला नसते. देवळाच्या बोअरने ओढले की शेजारच्या आडाची पातळी उतरते. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने हे ओळखले. तेथे शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही असा गावचा नियम आहे, आणि दर वर्षी पाऊस मोजून, गावात पाणी किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून, मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवतात. आधी पिण्याचे, मग जनावरांचे, मग शेतीचे. एक गाव जे शेताच्या बाबतीत करते ते देवळाने बागेच्या बाबतीत करावयास काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. देवाच्या वैभवात कमी कशी करावी? भाविकाने श्रद्धेने बागेसाठी देणगी दिली, ती बाग वाळू द्यावी काय? याला उत्तर नाथांनी देऊन ठेवले आहे. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. ही कथा आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. बरोबरच्या लोकांनी तेव्हाही म्हटलेच असेल की हे देवाचे पाणी होते! नाथांच्या लेखी ते देवालाच पोचले. पांडुरंग विटेवर उभा आहे, त्याला कारंज्याची गरज नाही. त्याच्या दारात आलेल्याला घोटभर पाणी आणि हातभर सावली मिळावी, हे त्याचे वैभव.

सावलीचे नाव आले म्हणून सांगतो. हिरवळ आणि झाड यांत फरक आहे. हिरवळीवर 'बसू नये' अशी पाटी असते. झाडाखाली दिंडी बसते, भाकरी सोडते, भजन म्हणते. त्याच बाराव्या अध्यायात माउलींनी झाडाचा दृष्टांत दिला आहे: लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला ते सारखीच सावली देते. आळे करून आच्छादन घातलेल्या लहान रोपाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोन वेळा सात-सात लिटर पाणी दिले तर बहुतेक देशी रोपे तगतात. एका गुंठ्याच्या हिरवळीला आठवड्यात साडेतीन हजार लिटर लागतात. तेवढ्यात अडीचशे रोपे जगतील! यापुढे मी आणखी काही म्हणावयास नको.

मग हिरवळीचे काय करावे? वाळू द्यावी. घाबरू नये. आपली जी साधी हरळी आहे, जिची पाती आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो, ती उन्हाळ्यात पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते. पण तिची मुळे खाली जिवंत असतात, आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की ती पुन्हा वर येते. जी गादीसारखी विकतची हिरवळ आठ दिवस पाणी तोडताच कायमची मरते ती आपल्या मुलखाची नव्हे. ती मेली तर तेथे पुन्हा हिरवळ न आणता चिंच, कडुनिंब, करंज, बेल, उंबर, शमी लावावीत. फुलांसाठी तगर, पारिजातक, कोरांटी, सदाफुली ही थोड्या पाण्यात भागवून घेणारी आहेत. कण्हेरही फार काटक, परंतु ती विषारी आहे. जेथे दिंडीचे बैल बांधतात तेथे ती लावू नये.

तुळशीविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण तेथे आपली माया अधिक आणि चूकही अधिक. दुष्काळात तुळस वाळू देऊ नये, तिला लागते तरी किती? घरच्या वृंदावनाला रोज सकाळी तांब्याभर पाणी पुष्कळ झाले. पण देवळातल्या वृंदावनाची गोष्ट वेगळी असते. सकाळपासून तीस जणी येतात, तीस तांबे त्या एकाच रोपावर पडतात. मुळाशी चिखल होतो, मुळे कुजतात, तुळस मान टाकते. मग कोणी म्हणते पाणी कमी पडले आणि एकतिसावा तांब्या ओततो! भर दुष्काळात तुळस अतिपाण्याने मरते, ही नवलाची गोष्ट आहे, पण खरी आहे. यावर उपाय असा: वृंदावनाशेजारी एक मोठे आळे करावे, त्यात बेल किंवा पारिजातक असावा. बायांनी तुळशीला ओंजळभर पाणी घालून नमस्कार करावा आणि उरलेला तांब्या त्या आळ्यात रिता करावा. वृंदावनाच्या खालच्या छिद्रातून झिरपणारे पाणीही तिकडेच न्यावे. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर रोपाचा जोर पानांत राहतो. बीज धरून ते लवकर म्हातारे होत नाही. वैशाखात दुपारच्या वेळी वर जुन्या धोतराचे पान बांधले तर तिचे पाणी आणखी वाचते. डोक्यावर वृंदावन घेऊन चालणाऱ्या आमच्या माउली हे सगळे जाणतात. घोटभर पाण्यावर त्या आळंदीपासून पंढरीपर्यंत तुळस हिरवी नेतात. पंचांनी त्यांना विचारावे.

झाडांना पाणी पहाटे काकड्याच्या वेळी घालावे किंवा सायंकाळी हरिपाठाच्या वेळी. दुपारी घातलेले अर्धेमुर्धे उन्हात उडून जाते. पाणी बुंध्याशी ओतावयाचे नसते, झाडाचा घेर जेथे संपतो तेथे ओतावयाचे. पिणारी बारीक मुळे तेथे असतात. आळ्यात वीतभर पालापाचोळा, उसाचे पाचट, नाहीतर देवावरून उतरलेले निर्माल्य पसरावे, म्हणजे माती तापत नाही. फक्त बुंध्याला ते चिकटू देऊ नये. निर्माल्य चंद्रभागेत किंवा गावच्या नदीत सोडण्याची आपली सवय मोडली पाहिजे. फुले देवाच्याच झाडाच्या मुळाशी गेली तर त्यात कसला दोष? दोरे आणि प्लास्टिकच्या पिशव्या तेवढ्या आधी काढाव्यात.

नव्या रोपाला मडक्याने पाणी देण्याची एक जुनी रीत आहे, ती पुन्हा सुरू करण्यासारखी आहे. पाच-सात लिटरचे न रंगवलेले, कच्च्या अंगाचे मातीचे मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी. मडके पाझरते, भोवतालची माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की ओढणे मंदावते. रोपाला लागेल तेवढेच मिळते. तीन-चार दिवसांनी मडके पुन्हा भरावे. पाणी मात्र स्वच्छ घालावे, साबणाचे किंवा गढूळ घातले तर मडक्याची छिद्रे बुजतात. जुनी पाण्याची मडकी धर्मशाळेत पडलेली असतातच, त्यांची तळाची बुरशी खरवडून काढली की ती कामी येतात. झाकणी विसरू नये, नाहीतर डासांची सोय होते.

मग स्वच्छ पाणी पिण्याला ठेवून बागेला कोणते द्यावयाचे? एकदा वापरलेले. दोनशे वारकऱ्यांची धर्मशाळा धरा. माणशी एक बादली, पंधरा लिटर, म्हणजे रोज तीन हजार लिटर आंघोळीचे पाणी मोरीतून बाहेर पडते, आणि बहुतेक ठिकाणी ते रस्त्यावर येऊन चिखल करते. मोरीच्या बाहेर एक खड्डा घ्यावा, त्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू भरावी, आणि त्यातून निघालेले पाणी केळी, कर्दळ, अळू यांच्या वाफ्यात आणि मोठ्या झाडांच्या आळ्यांत सोडावे. हे पाणी साठवून ठेवू नये, दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. तुळशीला, देवाच्या फुलझाडांना ते घालू नये. शास्त्र राहू द्या, आपल्या मनालाच ते पटणार नाही. स्वयंपाकघरातले तेलकट पाणी मोरीच्या पाण्यात मिसळू नये, त्याने वाळू तुंबते. हात-पाय धुण्याचे, अभिषेकाचे पाणी तर याहून स्वच्छ असते. ते गटारात जाणे म्हणजे निव्वळ आळस.

अखंड हरिनाम सप्ताहाचे पाहा. आपल्याकडे पुष्कळ सप्ताह उन्हाळ्यात बसतात, कारण शेताला सवड असते. रोज हजार पाने उठतात, आणि हजार ताटे धुवावयाची म्हणजे काही टँकर पाणी गेले. पळसाच्या किंवा वडाच्या पत्रावळी पूर्वी होत्या त्या याच विचाराने होत्या काय, कोण जाणे, पण सोय मोठी होती. जेवून झाले की पत्रावळ खड्ड्यात, आणि वर्षाने तिचे खत बागेत. चकचकीत कागदाच्या पत्रावळीला प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तिचे खत होत नाही. ती म्हणजे पत्रावळीचे सोंग!

पावसाचेही पाणी देवळाच्या हक्काचे आहे आणि ते आपण सोडून देतो. साठ फूट लांब व चाळीस फूट रुंद सभामंडप असला तर त्याच्या पत्र्याचे किंवा स्लॅबचे क्षेत्र सुमारे २२३ चौरस मीटर होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरा आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असे समजा, तरी ८९ हजार लिटर हाती लागते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी पाखरांची विष्ठा व धूळ घेऊन येते, ते बाहेर सोडावे; पुढचे खडी-वाळूतून गाळून टाकीत घ्यावे, टाकी भरली की विहिरीत सोडावे. विहिरीत सोडलेले सगळे आपल्यालाच परत मिळेल असे नाही, ते जमिनीतून शेजाऱ्याच्या विहिरीलाही जाईल. जाऊ द्या. पाणी कुठेतरी मुरते आहे असे आपण संशयाने म्हणतो. येथे मुरले तर ते हवेच आहे.

पण मुरावे कुठे? आवारभर सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. चिखल होऊ नये म्हणून बसवले, हेतू चांगला. परंतु वडाच्या पाराला अगदी बुंध्यापर्यंत सिमेंट आणि फरशी केलेली दिसते तेव्हा जीव कासावीस होतो. वटपौर्णिमेला बाया श्रद्धेने पाणी घालतात, ते फरशीवरून सरळ गटाराला मिळते, आणि वड उभ्या जागी तहानेला राहतो. बुंध्याभोवती चारही अंगांना निदान दोन-तीन हात माती मोकळी ठेवावी, आणि आवाराचा उतार गटाराकडे न काढता झाडांच्या आळ्यांकडे काढावा. पालखीमार्गांच्या रुंदीकरणात जुनी सावली पुष्कळ गेली. आहेत ते वड तरी आपल्या फरशीने मरू नयेत.

आता देवस्थानच्या बागेपलीकडे, देवस्थानच्या जमिनीकडे येऊ. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला, मग जेजुरी-वाल्ह्याकडे जाते, तो पुरंदर तालुका. सोपानकाकांची समाधी सासवडला, खंडेराय जेजुरीला. देव पुष्कळ, पाऊस थोडा. याच तालुक्यात नायगाव म्हणून गाव आहे. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाच्या अभियंत्यांनी या भागाची दैना पाहिली आणि १९७४ साली नायगावच्या देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड, उताराची जमीन खंडाने घेतली. त्या जमिनीत कुसळाशिवाय काही उगवत नव्हते. त्यांनी उतारावर आडवे बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खाली विहीर काढली, आणि तिचे पाणी उचलून वरच्या शेताला दिले. माळ पिकला, झाडे लागली. यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, माणसांच्या मोजणीने मिळेल: माणशी अर्ध्या एकराचे, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांपेक्षा जास्त नाही. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि ऊस लावावयाचा नाही. साळुंखे २००२ साली वारले. एका देवाच्या माळावर पाणी अडले आणि त्यातून भूमिहीनाला पाण्याचा वाटा मिळाला; पंगतीत जसे पान मांडलेल्या प्रत्येकाला वाढतात तसाच हा न्याय. वारकऱ्याला याचे नवल वाटू नये, वाळवंटात आपण हेच करतो.

कित्येक देवस्थानांकडे अशी इनामाची माळरान जमीन आजही पडून आहे. तेथे शोभेची बाग करण्याच्या भरीस पडू नये. उताराला आडवे, एका पातळीत, दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चर खणावेत, निघालेली माती खालच्या अंगाला लावावी, आणि त्या मातीवर पावसाच्या तोंडी देशी झाडांच्या बिया व रोपे लावावीत. धावणारे पाणी चरात थांबते, मुरते, आणि खालच्या गावच्या आडाला लागते. खणण्याचे काम उन्हाळ्यात, पावसापूर्वी झाले पाहिजे. आषाढीला निघण्याआधी प्रत्येक दिंडीने आपल्या गावच्या देवाच्या माळावर आठ दिवस टिकाव-फावडे चालवले तर? विणेकऱ्याने बांधावर उभे राहावे, बाकीच्यांनी खणावे. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात राबता राबता पांडुरंग पाहिला. मळ्यातले काम आणि भजन ही त्यांना दोन वाटलीच नाहीत.

देवळाजवळ जुनी बारव असेल तर तिचा गाळ काढण्याचा काळही हाच, पाणी तळाला गेलेले असताना. गाळ फेकू नये, झाडांच्या आळ्यांत घालावा. त्यासारखी माती विकत मिळत नाही. पुष्कळ दिवस बंद असलेल्या विहिरीत एकट्याने उतरू नये, आत कोंडलेली हवा घातक असते. जाणत्या माणसाला आणि दोराला वर ठेवूनच उतरावे.

राहता राहिली पंचांची एक गोष्ट. कार्तिकी एकादशीनंतरच्या पहिल्या बैठकीत दोर सोडून देवळाच्या विहिरीचे पाणी किती हातांवर आहे ते मोजावे, आणि सभामंडपातल्या फळ्यावर खडूने लिहावे, तिथीसकट. दर पौर्णिमेला पुन्हा मोजून त्याखाली लिहीत जावे. कार्तिकीचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा खोल असेल तर त्या साली नवीन रोपे लावू नयेत, आहेत तीच जगवावीत, कारंजे कुलूप लावून बंद ठेवावे. माघ पौर्णिमेलाच पाणी तळाकडे गेलेले दिसले तर बागेची तोटी बंद करून पाणपोईचा रांजण आणि पाखरांची परळ तेवढी चालू ठेवावी, वापरलेल्या पाण्यावर झाडे सांभाळावीत, आणि विहिरीवर गावच्या घागरींना वाट मोकळी करावी. विहिरीच्या दाराची किल्ली त्या दिवसांत पुजाऱ्याकडे न ठेवता ग्रामसभेने नेमलेल्या दोन बायांकडे द्यावी; पाणी कोणाला किती लागते ते त्यांना अधिक ठाऊक असते.